आधी वही, मग वकील: मुंबईतल्या छोट्या स्टार्टअपसाठी डेटा प्रायव्हसीचं काम, क्रमाने

बीकेसीतल्या बँकेला किंवा लोअर परळच्या विमा कंपनीला तुमचं सॉफ्टवेअर पसंत पडतं. डेमो होतो, दराची घासाघीस होते, आणि मग त्यांच्या माहिती-सुरक्षा विभागाकडून एक एक्सेल येते. ग्राहकांचा डेटा कुठे ठेवता? तो कोण पाहू शकतं? नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन किती दिवसांत बंद होतं? शेवटची सुरक्षा चाचणी कधी झाली? अंधेरी-पवईकडच्या आठ-दहा जणांच्या कंपन्यांचे सौदे नेमके इथे अडकतात. तोंडावर नकार कुणी देत नाही. उत्तरं जमवण्यात तुमचे आठवडे जातात, तोवर समोरच्याची तिमाही संपते आणि बजेट दुसरीकडे वळतं.

म्हणून प्रायव्हसीचं काम दंडाच्या भीतीने नको, विक्रीसाठी करा, असं माझं म्हणणं आहे. मुंबईत तर ते जास्तच लागू पडतं. रिझर्व्ह बँक फोर्टात, सेबी बीकेसीत, आणि त्यांच्या देखरेखीखालच्या बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या), ब्रोकर, म्युच्युअल फंड याच शहरात. इथल्या स्टार्टअपचा पहिला मोठा गिऱ्हाईक बहुतेक वेळा यांतलाच कुणीतरी असतो.

पुढचं सगळं समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कंपनी धरू. साकीनाक्याला ऑफिस, बाराएक माणसं, आणि काम घरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचं. ॲपवर बुकिंग होतं, नमुना घेणारा घरी येतो, तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत होते आणि रिपोर्ट ॲपवर मिळतो. तुमचा धंदा वेगळा असेल, पण डेटा गळायच्या जागा याच असतील.

कायदा कुठवर आलाय

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे: डेटा संरक्षण मंडळाची तरतूद लगेच, कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, डेटा फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत.

"आपल्याला काय, स्टार्टअपला सूट आहे," हे वाक्य कोवर्किंगच्या कॉफी मशीनपाशी हमखास कानावर येतं. अर्धंच खरं आहे ते. कलम १७(३) नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून काही कंपन्यांना, त्यांत स्टार्टअपही आले, ठरावीक कलमांतून मोकळं करू शकतं. ती कलमं म्हणजे सूचना देणं, डेटा अचूक ठेवणं, काम झाल्यावर पुसणं, माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क आणि मोठ्या कंपन्यांवरची जादा बंधनं. सुरक्षा ठेवणं आणि डेटा फुटल्यावर कळवणं त्या यादीत नाही. दंडाचे दोन सगळ्यांत मोठे आकडे नेमके या दोन गोष्टींना चिकटलेले आहेत, त्यामुळे सुटीच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी: वही

सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, सल्लागार बोलवू नका. एक साधी शीट उघडा, हीच आपली वही, आणि सहा रकाने करा: कुठला डेटा, कुणाचा, कशासाठी, कुठे साठतो, कोण पाहतं, कधी पुसायचा. ही शीट भरायला तंत्रज्ञ एकटा बसला तर ती अर्धीच भरेल. डेटाबेसमध्ये काय आहे ते त्याला पाठ असतं. ऑपरेशन्सच्या ताईंच्या लॅपटॉपवर काय आहे ते त्याला माहीत नसतं. म्हणून ऑपरेशन्स, सपोर्ट, विक्री आणि हिशेब बघणारा माणूस, सगळ्यांना एका दुपारी एकत्र बसवा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: आज सकाळपासून ग्राहकाचं नाव किंवा नंबर तुम्ही कुठे कुठे पाहिलात?

आपल्या रक्ततपासणीच्या कंपनीत डेटाबेस सोडून हे निघेल:

- नमुना घेणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. रोज सकाळी नाव, पत्ता, डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो त्यावर पडतो. तो फोटो ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत आपोआप उतरतो, आणि काम सोडून गेलेल्यांच्या फोनमध्ये तसाच राहतो.
- 'लिंक असेल त्याला दिसेल' अशी उघडी ठेवलेली गूगल शीट, तीत गेल्या वर्षभराची बुकिंगं.
- सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी ठेवलेल्या सर्व्हरवर उतरवलेली खऱ्या डेटाबेसची पूर्ण प्रत. पासवर्ड सगळ्यांना माहीत.
- सपोर्टच्या कॉलची रेकॉर्डिंगं, जी कुणीच ऐकत नाही आणि कुणीच पुसत नाही.
- सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याने आपोआप केलेल्या नोंदी, ज्यांत मोबाईल नंबर आणि कधीकधी ओटीपीसुद्धा छापला जातो.
- ॲपमध्ये बसवलेले बाहेरच्या कंपन्यांचे एसडीके, म्हणजे कोडचे तयार तुकडे.

शेवटच्या ओळीकडे नीट बघायला हवं. विश्लेषणासाठी टाकलेला एसडीके प्रत्येक कृतीची नोंद बाहेर पाठवतो आणि त्या नोंदींना नावं डेव्हलपरने दिलेली असतात. 'बुकिंग झालं' एवढंच नाव असेल तर ठीक. पण कुणी सोयीसाठी 'एचआयव्ही तपासणी बुक झाली' असं नाव ठेवलं असेल, आणि सोबत फोनचा जाहिरात-ओळखक्रमांक जात असेल, तर तुम्ही एका माणसाच्या आयुष्यातली सर्वांत नाजूक गोष्ट जाहिरातींच्या बाजारात पाठवलीत. हेतू वाईट नव्हता आणि कोडचं पुनरावलोकन करणाऱ्यालाही ते खटकलं नसेल. अशी नावं शोधायला जेमतेम तासभर लागतो. आजच शोधा.

दुसरी पायरी: छाटणी

वहीतल्या प्रत्येक ओळीसमोर एकच विचारायचं: हा डेटा उद्यापासून घेतला नाही, तर कुठलं काम थांबेल? उत्तरात 'पुढे कधीतरी एआयसाठी लागेल' आलं, तर ती ओळ खोडा.

जन्मतारीख घ्या. प्रयोगशाळेला वय लागतं, कारण वय आणि लिंगानुसार रिपोर्टमधल्या सामान्य पातळ्या बदलतात. पूर्ण जन्मतारीख नाही लागत. लोकेशन लागतं ते पत्ता टाकताना एकदा. चोवीस तास नाही. कॉन्टॅक्ट लिस्टची परवानगी तर मागायचीच नाही. कायद्याच्या कलम ६ मध्येच टेलिमेडिसिन ॲपचं उदाहरण आहे: सेवेला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नसेल तर ग्राहकाने 'हो' म्हटलं तरी त्या भागापुरती ती संमती धरली जात नाही. कर्ज देणाऱ्या ॲपवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच फोनमधल्या फाइली, कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉगला हात लावायला बंदी घातली होती.

आधारची झेरॉक्स हा आपल्याकडचा जुना आजार. सोसायटीच्या गेटपासून जिमपर्यंत कुणीही मागतं आणि लोक मुकाट देतात. तुमच्या सेवेला ओळखपत्राची कायदेशीर गरज नसेल तर आधार घेऊच नका. अगदीच लागलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या.

छाटणीचा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसतो, कारण फॉर्म लहान होतो. नोंदणी सुरू करणाऱ्यांपैकी किती जण ती पूर्ण करतात, हा आकडा छाटणीच्या आधी आणि नंतर लिहून ठेवा. संचालकांच्या बैठकीत तो आकडा कुठल्याही धोरण-दस्तऐवजापेक्षा जास्त बोलेल. नको असलेले एसडीके काढले की ॲपही हलकं होतं, आणि जुना फोन वापरणाऱ्याला तो फरक कळतो.

तिसरी पायरी: सूचना आणि संमती

बहुतेक ॲपांचं प्रायव्हसी धोरण दुसऱ्या ॲपवरून उचललेलं असतं. त्यात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क असतात, कल्याणच्या ग्राहकाचे नसतात. नव्या नियमांना अपेक्षित असलेली सूचना वेगळी आहे. ती इतर अटींत न मिसळता स्वतंत्रपणे वाचता यावी, कुठला डेटा कशासाठी हे ओळीने सांगावं, आणि संमती मागे कशी घ्यायची, हक्क कसे बजावायचे, मंडळाकडे तक्रार कशी करायची याचा दुवा तिच्यात असावा. शिवाय ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यायची आहे. मराठी त्या २२ मध्ये आहे.

मराठी सूचना भाषांतराच्या यंत्रातून काढू नका. 'आम्ही आपल्या वैयक्तिक माहितीच्या प्रक्रियाकरणाकरिता आपली संमती प्राप्त करू इच्छितो' हे वाचून परळच्या आजींना काय कळणार? त्याऐवजी असं काही लिहा:

"रक्त घ्यायला घरी येण्यासाठी आम्हाला तुमचं नाव, मोबाईल नंबर आणि पत्ता लागतो. वय आणि लिंग प्रयोगशाळेला लागतं, कारण त्यानुसार रिपोर्टमधले आकडे वाचले जातात. डॉक्टरांची चिठ्ठी कोणती तपासणी करायची हे ठरवण्यापुरती वापरतो. पत्ता तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला दिसतो. नमुना घेतल्यावर तो पत्ता त्याच्या फोनवरून निघून जातो. रिपोर्ट तुमच्या नंबरवर आलेला ओटीपी टाकल्यावरच उघडतो. ही संमती 'माझी माहिती' या पानावरून कधीही मागे घेता येईल. तक्रार आधी आमच्याकडे करा; समाधान झालं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल, त्याचा दुवा खाली आहे."

एवढं लिहिता आलं नाही, तर समजायचं की वही अजून अपुरी आहे. सवलतींच्या मेसेजसाठी वेगळी चौकट ठेवा आणि ती आधीच टिक करून ठेवू नका. संमती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असावं असं कायदा म्हणतो. देताना एक टॅप आणि काढताना सपोर्टला मेल, हे चालणार नाही. अठरा वर्षांखालच्यांचा डेटा घेत असाल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांवर नजर ठेवून केलेली जाहिरातबाजी बंद. क्लासेस आणि गेम बनवणाऱ्यांनी हे कलम स्वतः वाचावं, आरोग्य आणि शिक्षण क्षेत्राला काही मर्यादित सवलती आहेत त्याही बघाव्यात.

चौथी पायरी: कुलपं

नियमांत सुरक्षेचे किमान उपाय दिलेत: डेटा एन्क्रिप्ट (चावीशिवाय वाचता येणार नाही असा) किंवा मास्क (काही भाग झाकलेला) करणं, कुणाला काय दिसेल यावर ताबा, लॉग ठेवून तपासणं, बॅकअप, आणि लॉग किमान एक वर्ष जपणं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉगची मुदत १८० दिवसांची आहे. दोन वेगळे हिशेब ठेवण्यापेक्षा एक वर्षच धरा.

छोट्या कंपन्यांत डेटा फुटतो तो हुशार हॅकरमुळे क्वचितच. साध्या गोष्टींनी फुटतो. रिपोर्टचा दुवा घ्या. त्याच्या शेवटी १०४५३ आहे. ग्राहकाने गंमत म्हणून १०४५४ केलं आणि दुसऱ्याच कुणाचा थायरॉइडचा रिपोर्ट उघडला, तर तुमचं एन्क्रिप्शन शोभेपुरतं उरलं. तपासायची पद्धत कुणालाही जमेल अशी आहे. दोन खाती बनवा. पहिल्या खात्यातून रिपोर्टचा दुवा कॉपी करा, दुसऱ्या खात्यात उघडा. मग लॉगिन न करता उघडा. दोन्ही वेळा दार बंद दिसलं पाहिजे. आकड्याऐवजी लांबलचक अक्षरमाळ टाकली की झालं, असं काही जण समजतात. तो दुवा व्हॉट्सॲपवर पुढे गेला की तीही सुरक्षा संपली. मागणारा माणूस त्या रिपोर्टचा धनी आहे का, हे सर्व्हरने दर वेळी तपासलं पाहिजे, आणि फाइलचा थेट दुवा काही मिनिटांत मरणारा हवा.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद करायचा म्हटलं की ऑपरेशन्सवाले चिडतात, आणि त्यांचं चूक नसतं. पहाटे सहाला बोरिवलीत उभ्या असलेल्या माणसाला पत्ता चटकन मिळायला हवा. त्यामुळे आधी पर्याय द्या, मग बंदी घाला. ॲपमध्ये त्याच्यापुरती आजची यादी, कॉल करायला स्वतःचा नंबर न दाखवणारी सोय, आणि काम पूर्ण झालं की पत्ता गायब. पर्याय ग्रुपपेक्षा हळू असेल तर दुसऱ्याच दिवशी नवा ग्रुप निघेल, आणि त्यात तुम्ही नसाल.

बाकीची यादी भराभर. सर्व लॉगिनना दुहेरी पडताळणी. 'ॲडमिन' नावाचं सामायिक खातं बंद, प्रत्येकाचं वेगळं. चाचणीच्या सर्व्हरवर बनावट डेटा. कोडमध्ये पासवर्ड नाहीत. प्रत्येक लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट, कारण विरार फास्टच्या रॅकवर राहिलेली बॅग परत मिळेलच असं नाही. आणि नोकरी सोडणाऱ्याची खाती शेवटच्या दिवशीच बंद करण्याची एक छापील यादी, एचआरकडे.

पाचवी पायरी: बाहेरची माणसं

क्लाउड, एसएमएस, पेमेंट, कॉल सेंटर, प्रयोगशाळा, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर): ग्राहकाचा डेटा या सगळ्यांकडे जातो. त्यांच्याकडून फुटला तरी कायदा उत्तर तुमच्याकडेच मागतो. प्रत्येकाशी लेखी करार हवा, आणि त्यात डेटा फुटल्यावर किती तासांत कळवणार हे हवंच. 'लवकरात लवकर' लिहिलेलं मान्य करू नका; तुमचं स्वतःचं घड्याळ सहा तासांचं आहे, ते पुढे येईल.

डेटा भारताबाहेर नेण्यावर या कायद्यात सरसकट बंदी नाही. सरकार अधिसूचित करेल त्या देशांपुरतं बंधन येऊ शकतं. पेमेंटचा डेटा मात्र भारतातच ठेवायचा, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ पासूनचा आदेश आहे. मोठ्या क्लाउड कंपन्यांचे मुंबईत सर्व्हर आहेतच, तेव्हा नवं काही उभारताना मुंबईच निवडा. पुढची निम्मी प्रश्नोत्तरं वाचतील.

एका नव्या गळतीचा उल्लेख इथेच करतो. सपोर्टचा मुलगा ग्राहकाची तक्रार नाव-नंबरासकट एआय चॅटबॉटमध्ये चिकटवतो आणि छान इंग्रजी उत्तर मिळवतो. त्याला रागावून उपयोग नाही. कंपनीचं सशुल्क खातं घ्या, तिथे टाकलेला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही हे करारात बघा, आणि चिकटवण्याआधी नाव-नंबर काढायचे असा नियम लावा.

सहावी पायरी: पुसणं

सगळे टाळतात ती ही पायरी. काम संपलं, संमती गेली, की डेटा पुसायचा हे तत्त्व. पण लगेच सगळं उडवून मोकळं होता येत नाही. प्रक्रियेशी संबंधित डेटा आणि लॉग किमान एक वर्ष ठेवण्याची अट नियमांतच आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणून 'ग्राहक' ही एकच नोंद धरून चालू नका. वहीत प्रत्येक प्रकारच्या डेटासमोर वेगळी मुदत लिहा. पावती राहील, चिठ्ठीचा फोटो मुदत भरताच जाईल, घराचं लोकेशनही जाईल. हे हाताने होत नाही. रोज रात्री चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि तिने काय पुसलं याची नोंद ठेवा. बॅकअपमधून एक-एक नाव काढणं अशक्यप्राय असतं. बॅकअपचीच मुदत छोटी ठेवा.

सातवी पायरी: फुटल्यावर काय

सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं. नव्या नियमांप्रमाणे डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब पहिली खबर आणि ७२ तासांत सविस्तर माहिती. ज्यांचा डेटा फुटला त्यांनाही विनाविलंब, साध्या भाषेत.

घटना घडणार ती अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी, निम्मी टीम विसर्जनाला गेलेली असताना. त्यामुळे एका पानावर पाच गोष्टी छापून ठेवा: निर्णय कोण घेणार आणि तो नसेल तर कोण, सर्व्हर बंद करण्याचा अधिकार कुणाला, क्लाउडवाल्याचा मदत क्रमांक, सर्ट-इनच्या फॉर्ममध्ये भरायची माहिती, आणि ग्राहकांना जाणाऱ्या मेसेजचा मसुदा.

त्या मसुद्यात एक अडचण लपलेली आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे कंपनीकडून जाणाऱ्या एसएमएसचं टेम्पलेट, म्हणजे ठरलेला मजकूर, डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत आधी नोंदवावं लागतं. नोंद नसेल तर मेसेज पोहोचतच नाही. डेटा फुटल्यावर टेम्पलेटच्या मंजुरीची वाट बघत बसायचं नसेल, तर आजच एक नोंदवून ठेवा. असं काहीसं: "तुमच्या खात्यातली काही माहिती दुसऱ्या कुणाच्या हाती गेल्याचं आम्हाला आढळलं आहे. काय गेलं, आम्ही काय केलं आणि तुम्ही काय करावं, हे ॲपमधल्या 'सूचना' पानावर वाचा. ओटीपी कुणालाही सांगू नका." मराठी, हिंदी आणि इंग्रजी, तिन्हींत नोंदवा.

आता वसुली: ती एक्सेल

बँका हे प्रश्न हौसेने विचारत नाहीत. आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्देश १० एप्रिल २०२३ रोजी आले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाले. पुरवठादाराची छाननी, तपासणीचा अधिकार, घटना कळवण्याची मुदत हे सगळं त्यांत बँकेवर बंधनकारक आहे. विमा कंपन्यांसाठी आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, ब्रोकर-म्युच्युअल फंडांसाठी सेबीची ऑगस्ट २०२४ ची सायबर चौकट. शिवाय अशा सौद्यात तुम्ही बहुधा त्यांच्या वतीने डेटा हाताळणारे असता. कायदा जबाबदारी बँकेवर टाकतो, आणि बँक ती करारातून तुमच्याकडे ढकलते. समोरचा अधिकारी तुमच्यावर अविश्वास दाखवत नसतो. उद्या त्याच्या ऑडिटरने विचारलं तर दाखवायला कागद हवा असतो त्याला. तो कागद त्याच्या हातात चटकन द्या.

त्यासाठी वहीच्या शेजारी उत्तरांची एक फाइल ठेवा. पहिली एक्सेल भरताना प्रत्येक प्रश्न, उत्तर आणि पुरावा त्यात टाका. पुरावा म्हणजे दुहेरी पडताळणी चालू असल्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट, बंद केलेल्या खात्यांची यादी, बॅकअप परत उतरवून पाहिल्याची नोंद. दुसऱ्या गिऱ्हाइकाची एक्सेल दिसायला वेगळी असते, प्रश्न बरेचसे तेच असतात. पहिली भरायला तीन आठवडे लागले असतील, तर तिसरी-चौथी दोन-तीन दिवसांत जायला हरकत नाही. जिथे उत्तर 'नाही' आहे तिथे 'नाही' लिहा आणि कधीपर्यंत करणार ते लिहा. छाननी करणारे लोक दिवसभर 'हो'च वाचत असतात. सगळीकडे 'हो' दिसलं की ते पुरावे मागायला लागतात.

वसुली मोजायचीही सोय करा. प्रत्येक सौद्यासमोर तीन तारखा: प्रश्नावली आली, परत गेली, करार झाला. वर्षभराने पहिल्या दोन तारखांमधलं अंतर किती घटलं ते बघा.

गुंतवणूकदार आणि कंपनी विकत घेणारे यांच्या छाननीतही हीच फाइल कामी येते. याहूचं उदाहरण मोठं आहे, पण हिशेब कळायला उपयोगी: डेटा फुटल्याच्या घटना बाहेर आल्यावर व्हेरायझनने २०१७ मध्ये ठरलेल्या किमतीतून ३५ कोटी डॉलर कापले.

पैसे कुठे घालायचे

प्रमाणपत्राच्या मागे आधी धावू नका. बँका-विमावाले बहुधा सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून केलेली सुरक्षा चाचणी मागतात. वर्षातून एकदा ती करून घ्या आणि सापडलेले दोष दुरुस्त केल्याचा दुसरा अहवाल जरूर घ्या. पहिला अहवाल एकटा पाठवला तर तो तुमच्याच विरुद्धचा पुरावा. आयएसओ २७००१ किंवा अमेरिकी गिऱ्हाइकांना लागणारं सॉक २, हे हातात खरा सौदा आला की. युरोपचं गिऱ्हाईक आलं तर जीडीपीआर हा तिथला डेटा कायदा लागू होतो, मे २०१८ पासूनचा. वही तयार असेल तर त्यातलं बरंच काम आधीच झालेलं असतं.

वकिलाकडे जाताना वही, सूचनेचा मसुदा आणि पुरवठादारांची यादी घेऊन जा. कोऱ्या हाताने गेलात तर त्यांच्या तासाच्या दराने तुम्हीच त्यांना तुमची कंपनी समजावत बसाल. धोरणाचा मजकूर लिहून घेण्यापेक्षा त्यांची फी एका कलमावर खर्च करा: मोठ्या गिऱ्हाइकांच्या करारांत डेटा फुटल्यास अमर्याद नुकसानभरपाईची अट अनेकदा असते, आणि दहा जणांची कंपनी ती न वाचता सही करते. मर्यादा मागा, म्हणजे त्या कराराच्या वर्षभराच्या रकमेइतकी किंवा तिच्या ठरावीक पटीत. तेवढ्या रकमेचा सायबर विमा काढता येतो का, हे सही करण्याआधी विचारून घ्या. विम्याच्या अर्जातही तेच प्रश्न असतात, आणि उत्तरांची फाइल तिथेही चालते.